उंबऱ्याबाहेरच्या कुबड्या

कमल गेल्याची तार कार्यालयात आली, तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी निधनाची बातमी लिहीत होतो. ती पुरी केली आणि ठाण्याला निघालो. त्याला आता महिना होत आला.

कमल माझी मामेबहीण, डोंबिवलीची. लहानपणी तापात पाय गेले, तेव्हापासून काखेत कुबड्या. रस्त्यात लोक थांबत आणि मला विचारत, ‘‘जन्मापासूनच का हो?’’ उत्तर ती देई, ‘‘सहाव्या वर्षापासून. आणि मला ऐकू येतं.’’

स्वातंत्र्यानंतरच्या एका श्रावणात कल्याणला आमच्याकडे सत्यनारायण होता. कमल तेव्हा विशीत होती. ती भिंतीशी बसल्यावर आई म्हणाली, ‘‘मधू, त्या कुबड्या बाहेर चपलांजवळ ठेव रे. रस्त्याच्या आहेत.’’ मी ठेवल्या. आरती झाली, पानं मागच्या पडवीत मांडली होती, सगळे तिकडे गेले. शेजारच्या काकू जाता जाता तिला म्हणाल्या, ‘‘तू बस हो, उठू नकोस. तुझं पान इथेच येईल.’’ मी वाढण्यात गुंतलो. दुसरी पंगत उठल्यावर आठवण झाली... ती तिथेच होती. पान कुणी आणलं नव्हतं. हाक का नाही मारलीस, विचारलं.

‘‘मारली. आत हसणं चाललं होतं.’’ मग म्हणाली, ‘‘चप्पल बाहेर राहिली तर माणूस अनवाणी चालतं रे. मी कशी चालू?’’

त्यानंतर ती पिशवीत ओलं फडकं ठेवू लागली. उंबऱ्याशी टेकून कुबड्यांची रबरी टोकं पुसायची आणि म्हणायची, ‘‘आत्या, आता चालतील?’’ आई ‘‘हो गं’’ म्हणे, पण नजर जमिनीवरच्या ओल्या ठशांवर असे. हळूहळू कमल यायची थांबली. आम्हीही बोलावणं सोडलं. तिला त्रास नको, असं आम्ही म्हणत असू. पुढे ती ठाण्याच्या एका शाळेत शिकवू लागली, तिथेच एका खोलीत एकटी राहिली. मी आठ वर्षांत तीनदा गेलो.

परवा ती खोली रिकामी करायला गेलो. कुबड्या दाराबाहेर होत्या, चपला काढायच्या जागी. तिला नेलं त्या दिवशी कुणीतरी ठेवल्या असाव्यात... कदाचित मीच. उंबऱ्याशी तिचं फडकं वाळून कडक झालं होतं. ते भिजवलं, दोन्ही टोकं पुसली, आणि कुबड्या आत नेऊन खाटेला टेकवल्या, हात पोचेल अशा.