त्या बेटाचं नाव

"मानाजीराव, तुमची बहीण म्हणजे तुमच्या नकाशातलं ते वरचं बेट! ना झाड, ना लेकरू. असलं घरात ठेवून मी काय करू?"

दुर्गाआत्याला माहेरी आणून सोडताना तिचे यजमान उदाजीराव तिच्या भावाला असं बोलले. भिंतीपलीकडून मी ऐकलं. एकोणीसशे पाच-सहा साल असेल, मी एवढीशी.

मानाजीकाका शांतपणे म्हणाले, "दाजी, त्या बेटाला अजून नाव नाही. ठेवतो."

काका चितारी. देवासच्या शाळांत टांगायचे नकाशे ते मांजरपाटावर रंगवत. साहेबाचं पुस्तक समोर, कुंचला दातांत. अगदी वर, उत्तर ध्रुवापाशी, बर्फाच्या समुद्रात तीळ सांडावेत तशी बेटं. माणूस औषधाला नाही, सहा महिने सूर्य नाही, गलबत गेलं तर अडकलंच. त्यातलं सगळ्यात ओसाड निवडून काकांनी ठसठशीत लिहिलं : उदाजीराव बेट. मास्तरांनी हरकत घेतली नाही. तिथे बघायला जाणार कोण?

मग पोरं ओरडून घोकायला लागली, "उदाजीराव बेट! वस्ती नाही! पीक नाही! बारा महिने गारठा!"

उदाजीरावांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीकडच्या बायका शाळेवरून आल्या त्या पदरात हसू लपवतच. सोयरीक मोडली. पुढचीही मोडली.

उदाजीराव थोरल्या पातीच्या दरबारात कारकून. हुकूम आणून त्यांनी नाव खरवडून घेतलं. पण आमच्या देवासला राजे दोन, राज्याचे वाटे दोन! रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. इकडचा हुकूम तिकडे चालत नाही. काकांनी पुढचा नकाशा रस्ता ओलांडून धाकट्या पातीच्या शाळेत दिला. खिडकी नेमकी उदाजीरावांच्या कचेरीसमोर.

शेवटी ते दारात आले. "मानाजीभिया, पोरांना जरा हळू म्हणायला सांगा ना."

"दुर्गा म्हणाली तर सांगतो."

आतून आत्या म्हणाली, "मला तर बाई काही ऐकूच येत नाही."

उन्हाळ्यात शाई उडायची, म्हणून शाळा उघडण्याआधी काका दरवर्षी जाऊन तेवढं नाव गिरवत. उदाजीराव वारले तेव्हा मी म्हटलं, "काका, आता तरी सोडा."

"तो गेला. बोललेलं कुठे गेलं?"

शेवटच्या वर्षी काकांचे पाय सुजले होते. तरी दौत घेऊन रस्ता ओलांडला, स्टुलावर चढले, अक्षरं गिरवली, फुंकर मारून वाळवली. येताना कोथिंबीर घेतली. घरी कुंचला धुऊन उन्हात ठेवला आणि म्हणाले, "दुर्गे, वाढ गं."