कॉलच्या सकाळचं तेलपाणी

माझा दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं केलं ते काम. हात सोन्याचे, पण माणूस हट्टी. समजवायला जाणाऱ्याच्या नाकी नऊ यायचे. मी त्याची धाकटी बहीण. त्याच खोलीत खिडकीपाशी बसून लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायचे, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

त्याची लेक जन्मापासून बहिरी. वहिनी गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. शाळेतल्या खुणा ती नंतर शिकली. त्याआधीच या बापलेकीने आपली आपली एक भाषा करून टाकली होती. बॉबिनसारखं गरगर फिरवलेलं बोट म्हणजे आत्या चिडली. हो, माझ्यासाठी खास खूण होती, आणि ती दिवसातून दहादा व्हायची! निम्म्या खुणा तर मलाही कळायच्या नाहीत. दोघं हातवारे करून हसून लोळायची आणि मी आपली विचारत बसायची, अरे काय झालं, सांगा की मला. गल्लीत सगळे तिला खुणाबाई म्हणायचे.

खुणाबाई लग्न होऊन पार दुसऱ्या देशात गेली. तेव्हा कॅमेऱ्याचे फोन आजच्यासारखे प्रत्येकाच्या खिशात नव्हते. दादाकडे बटणांचा फोन. त्यावर चार ओळींचा निरोप यायचा, पण हात कसे दिसणार? मग दादाने एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला कॉम्प्युटर उचलून आणला. वर कॅमेरा बसवला, आत विंडोजऐवजी लिनक्स घातलं. ते फुकट होतं आणि जुन्या मशीनवर चालायचं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी आपलं वायफाय वापरायला दिलं. ते पकडायला दादाने अंगठ्याएवढा यूएसबी अडॅप्टर आणला. तो लावला की दिवा लागायचा, पुढे शून्य. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सकडे नव्हताच. तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट त्या अडॅप्टरशिवाय नाही. आहे की नाही गंमत! दादा कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानातून पेनड्राइव्हवर फायली आणायचा, कमांडा वहीत उतरवायचा, घरी येऊन टाइप करायचा, काहीतरी कमी पडलं की पुन्हा दुकानात. तीन आठवडे हेच. एका रविवारी दुपारी पडद्यावर खुणाबाई दिसली, हात हलवत. दादा रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

पुढची दोन वर्षं दर रविवारी त्यांची मैफल जमायची. मग तिच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी, आमच्याकडे सकाळी दहा वाजता, बापलेक बोलणार होते. ऑपरेशन जोखमीचं आहे हे दोघांनाही माहीत होतं. बाबांना बघितल्याशिवाय मी आत जायची नाही, असं तिने जावयाला बजावलं होतं.

आता दादाची सवय ऐका. मोठं काम हातात घेण्याआधी मशीन उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं. त्या सकाळी सातला उठून त्याने कॉम्प्युटरचंही तेलपाणी केलं. अपडेट आलेत असं पडद्यावर कधीचं दिसत होतं. ऐन वेळी अडायला नको, म्हणून त्याने ते सगळे घातले आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. वायफाय गेलं.

अपडेटमध्ये सिस्टिमचा गाभाच नवा आला होता, आणि दादाने केलेला ड्रायव्हर जुन्या गाभ्यासाठी होता. तो पुन्हा बनवायला नव्या फायली हव्यात, त्या इंटरनेटवर. शिक्षिकाबाई शाळेत गेलेल्या, वर कुलूप.

"दादा, ऊठ. दुकानात कॅमेरा आहे, तिथून बोल."

"पाच मिनिटं थांब."

"अरे, पावणेदहा झाले!"

"एकदा केलंय ना मी हे? होईल."

दहाला जावयाचा फोन आला. मीच घेतला. "आत्या, काहीच दिसत नाहीये." मी म्हटलं, पाच मिनिटं म्हणतोय. सव्वादहाला पुन्हा तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातली वही हिसकावली आणि भिंतीवर भिरकावली, तेव्हा कुठे तो उठला. चपला न घालताच पळाला. दुकानात जागा मिळून पडदा सुरू व्हायला दहा चाळीस झाले. पडद्यावर जावई एकटाच होता. पाच मिनिटांपूर्वी तिला आत नेलं होतं.

ती बाहेर आली नाही. टेबलावरच गेली.

पंधरा दिवसांनी मी दुकानदाराला घरी बोलावलं, बघा म्हटलं काय झालंय ते. त्याने कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबलं, एक यादी आली, त्यातली खालची ओळ निवडली. वायफाय चालू! "नवा गाभा आला तरी जुना आतच असतो, काका. तो निवडायचा फक्त." दुकानदार गेल्यावर दादा मोरीत जाऊन ओकला. कुठून अवदसा आठवली आणि त्याला बोलावलं, असं झालं मला.

दोन महिन्यांनी जावई आला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "बाबा, तिने बंद पडद्याकडे बघून तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. दोनतीनदा. ती तुमची घरातली खूण, मला कळली नाही. विसरू नये म्हणून रोज करून बघतो." खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने ते करून दाखवलं. चुकत, अडखळत.

दादाला कळलं. मलाही कळावं म्हणून त्याने तिची खूण मोठ्याने बोलून दाखवली, "सावकाश होऊ द्या, बाबा. मी थांबलेय."

मग त्याचे हात वर आले आणि जावयासमोर हलायला लागले. थांबेचनात.

"आत्या, काय म्हणताहेत हे?" जावई मला विचारायला लागला.

"आलो म्हणतोय," मी सांगितलं. "आलो, बाळा, हा आलोच."