रेंजबाई

दुसऱ्याचा फोन ती हातात घेत नसे. शिकवायला आली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि नुसतं बोलायची. "मी दाबलंय तर माका येतला, तुमका कसा येतला?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही शिक्षक वैतागायचो, घामाघूम व्हायचो. तिचे हात काही पुढे यायचे नाहीत.

मालवणात तिचा संगणकाचा क्लास होता. टाळेबंदीत तो बंद पडला. आमच्या शाळाही बंद झाल्या आणि फोनवरून शिकवायचा हुकूम आला. जन्मभर खडू धरलेल्या मला लिंक म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. ती आपणहून स्कूटर घेऊन गावोगाव फिरू लागली. कुठल्या वाडीत कुठल्या काजूखाली रेंज मिळते ते तिला पाठ होतं, म्हणून मुलांनी तिला रेंजबाई केलं.

काजू सोलून काळ्या पडलेल्या हातांनी स्क्रीनला बोट लावायला मुलांच्या आया बिचकत. "दाब गो, फोन चावणा नाय," ती हसून म्हणे. एकदा तास चालू असताना एका बापाने फोन गोठ्याकडे धरला आणि वर्गभर म्हैस दिसू लागली. मी चिडून बोलणार, तेवढ्यात शेजारी उभी असलेली ती हळूच म्हणाली, "बाई, तो आज पयल्यांदाच वर्गात इलो. वरडू नकात."

पुढच्या उन्हाळ्यात आजार गावागावांत शिरला. माझ्या वर्गातली एक मुलगी चार दिवस तासाला दिसली नाही. घरचे फोन उचलत नव्हते. त्यांच्या वाडीत आजार पोचल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मुलगी माझ्या वर्गातली, मीच जायला हवं होतं. मी रेंजबाईला फोन लावला. "त्यांचा फोन बिघडलाय बहुतेक. बघून येशील?" म्हणाले. आजाराचं बोलले नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. मुलीची आई दवाखान्यात होती, बाप तापाने निजून, आणि मुलगी दारात नुसती बसलेली. रेंजबाईने दवाखान्यातल्या नर्सला गाठून आईला स्क्रीनवर आणलं होतं. मुलीला फोन धरवत नव्हता.

"बाई, आज फोन मी धरलंय," रेंजबाई म्हणाली. "आईन तिका सांगल्यान, तुझी वेणी सुटली. मगे मी घातलंय."

आजार तुम्हाला ठाऊक होता का, असं तिने विचारलं नाही. मी वाट बघत होते.

चार दिवसांनी तिला ताप भरला आणि पंधरवड्याच्या आत ती गेली. तिचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. अजून आमच्या ऑनलाइन बैठका होतात. एखादा चौकोन बिननावाचा, काळा, गप्प राहतो. बैठक संपेपर्यंत माझी नजर तिथून हलत नाही.

शाळा उघडली तेव्हा त्या मुलीची आई तिला सोडायला आली. बरी झाली होती, तरी धाप लागत होती. पायरीवर टेकून तिने विचारलं, "बाई, रेंजबाईंका आमच्या घराक कोणी पाठवल्यान ओ?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "ती आपणहून आली."

तिने डोळ्यांना पदर लावला. "देवमाणूस होती."

मी मान हलवली. मुलगी आता मोठ्या शाळेत गेली. बाजारात भेटली की तिची आई हात धरून रेंजबाईची आठवण काढते, आणि मी दर वेळी मान हलवते.