खळ्यावरचा वारा

पारोळ्यापलीकडच्या धरणावर उखर्डूनाना चौकीदार होते. त्यांचं शेत आणि खळं त्याच पाण्याखाली गेलेलं. एक्याण्णव सालच्या फाल्गुनात धुळ्याच्या कॉलेजातले मगन सर जीपच्या टपावर एक लांबलचक फळी बांधून आले. फळीला शीड लावायचं, वर उभं राहायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं, असा तो खेळ. पण सकाळपासून सर नुसते पडत होते.

नानांना राहवेना. ते काठावरून ओरडले, "सर, आठे टेकडी वारा अडावस! त्या वाळेल बाभूयकडे जा. तीन वाजता वारा ई तठे."

तीनला वारा आला. शीड फुगलं आणि सर थेट पलीकडच्या काठाला गेले.

"नाना, कसं ओळखलंत?"

"तठेच आम्हनं खयं व्हतं."

दादर ज्वारी उपणायची तर वारा कधी, कुठून येतो हे ठाऊक असावंच लागे. त्यानंतर दर रविवारी सर आधी नानांना विचारत, मगच पाण्यात उतरत. इतक्या वर्षांनी कुणी आपल्याला काही विचारतंय, याचं नानांना अप्रूप वाटे. गावात चार जणांना ते सांगूनही झालं.

चैत्र सरता सरता एका रविवारी त्यांची बायको भिकुबाई भाकरी घेऊन आली. सर दूर, पाण्याच्या मध्यावर होते. भिकुबाई चालता चालता थबकली. तिचा पदर आता उलट्या बाजूनं, पाठीमागच्या वाऱ्यानं हलला होता.

"त्यासले बलावा. वारा फिरना."

"माले शिकाडू नको," नाना म्हणाले. शीड तर समोर फुगलेलं दिसत होतं.

तिनं वाद घातला नाही. भाकरीचं फडकं सोडलं, धरणाच्या भिंतीवर चढली आणि दोन्ही हातांनी ते हलवू लागली. सर वळले. काठ शंभर हातांवर असताना पूर्वेकडून धुळीचा लोट आला आणि शीड आडवं झालं. फळीवर पालथं पडून, हातांनी पाणी मारत सर कसेबसे काठाला लागले.

"नाना, आज तुम्ही फडकं हलवलं नसतं तर..." त्यांना धाप लागली होती.

नानांनी बायकोकडे पाहिलं. ती भाकरीवरची धूळ झटकत होती. खळ्यावर तिवईवर उभी राहून तीच उपणायची. वारा फिरला की भूस तिच्याच डोळ्यांत जायचं. आपण खालून टोपल्या द्यायचो. महिनाभर हे आपल्याला आठवलंच कसं नाही?

"माले नही, हिले समजनं," ते हळूच म्हणाले. "वारानं हिलेच इचारत जा, सर."

"पहिले आंग पुसा," भिकुबाई म्हणाली आणि तिनं अर्धी भाकर सरांपुढे धरली.