पत्र्याखालचे ऊन

वाशीम जिल्ह्यात ऊन सगळ्यांनाच लागते. पुराव्याशिवाय ऊन न लागणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारी भाड्याने राहणारे नगरपंचायतीचे मुख्याधिकारी. त्यांच्या खिशात पेन नसे, तापमापक असे. चहा थंड आहे, अशी तक्रार ते मोजल्याशिवाय करीत नसत. लग्नात आहेर देण्याआधी मांडवाचे तापमान घेत आणि वरपित्याला सांगत, "पंगत लिंबाखाली बसवा, इथे जास्त आहे." हवामान खात्याचा अंदाज ते रोज सकाळी अंगणात मोठ्याने वाचत. "पण हा झाला जिल्ह्याचा. पत्र्याखालचं कोण सांगणार?" असे म्हणून बाजाराकडे निघत.

तिथे पत्र्याच्या शेडखाली किन्हीराजा गावच्या शांताबाई सांभार विकत. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात. "काहो साहेब, माह्या सांभाराले ताप आला का? थर्मामीटर कायले लावून राह्यले?"

"सांभाराला नाही, बाई. तुम्हाला येईल."

एप्रिलमधल्या एका दुपारी शांताबाई खरोखरच चक्कर येऊन पडल्या. त्या सावरल्या, साहेब सावरले नाहीत. खात्याचा अंदाज आणि पत्र्याखालचे आकडे जोडून त्यांनी आदेश काढला: उष्णतेच्या लाटेत आठवडी बाजार पहाटे भरेल, ऊन चढण्याआधी उठेल. विज्ञानात चूक नव्हती. फक्त मेडशीकडची गिऱ्हाइके आणणारी एसटी दुपारी येते, हे कोणत्याही अंदाजात नव्हते. विकणारे सगळे आले. घेणारे आले नाहीत.

शांताबाईंनी अख्खी पाटी साहेबांपुढे ठेवली. "उन्हानं नाई मेलो साहेब, तुमच्या थंडाव्यानं मेलो. आता हे कोन खाईन?"

त्या रात्री आमच्या आळीत घरोघर कोथिंबिरीच्या वड्या होत्या. त्याआधी साहेब पोत्यावर शांताबाईंशेजारी बसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, केव्हा भरवू?"

"दिवस कलला का भरवा. पन लोकाईले घरी जायाले गाडी पाह्यजे."

शेवटची गाडी उशिरा सोडावी म्हणून साहेब रोज आगारात जाऊन बसू लागले. आगारप्रमुखांना त्यांच्याच खुर्चीखालचे तापमान इतक्यांदा ऐकावे लागले, की त्यांनी गाडीची वेळ बदलली.

उन्हाळ्यात बाजार आता संध्याकाळी, दिव्यांखाली भरतो. साहेबांची बदली झाली. परवा शांताबाईंनी मला विचारले, "साहेब कोठी असतीन आता?"

"कोकणात. समुद्राकाठी."

त्यांनी जुडीवर पाणी शिंपडले. "तठी तं थंड असन," त्या म्हणाल्या. "करमत नसन बिचाऱ्याले."