'थ'चा 'ट'

ट्रेलॉनीच्या डोंगरातल्या शाळेत वाचनात मागे पडलेली मुलं आयोनी प्लमर बाईंकडे यायची. शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या एकेका अक्षराचा आवाज मुलांकडून काढवून घ्यायच्या, मग ते आवाज जोडायला शिकवायच्या. शेव्हेल आली तेव्हा तिला स्वतःचं नावही ओळखता येत नव्हतं. वर्षभरात ती आजीबरोबर बाजाराला जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली.

मग प्रगती तपासायला राजधानीतून, किंग्स्टनहून, टलॉक साहेब आले. पाठांतर चालू नये म्हणून इंग्रजी वाचनाच्या या तपासणीत मुद्दाम अर्थ नसलेले शब्द असतात. शेव्हेल प्रत्येक अक्षराखाली बोट धरून वाचत गेली. 'थॉप'ला ती 'टॉप' म्हणाली, 'थिब'ला 'टिब'. साहेब फुल्या मारत गेले. शेजारी बसलेल्या बाईंना मध्ये बोलायची मुभा नव्हती.

पोर बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, अक्षर तिनं बरोबर ओळखलंय. आमच्याकडच्या बोलण्यात 'थ'चा 'ट'च होतो. तुमच्या आईही असंच बोलत असतील."

"बोलायची ना," साहेब कागद आवरत म्हणाले. "म्हणून तर मला शहरातल्या शाळेत घातलं तिनं."

निकालात बाईंच्या जवळजवळ सगळ्या मुलांपुढे 'प्रगती नाही' असं आलं. वर्गशिक्षिकेनं तो सगळ्यांदेखत वाचून दाखवला. बाईंचा वर्ग बंद झाला, खोलीत मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या, आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बालवर्गावर पाठवलं.

पुढे एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मुलांना बायबलातल्या ओळी आळीपाळीनं वाचायला लावल्या. आपली पाळी आली तशी शेव्हेलनं पुस्तक शेजारच्या मुलीकडे सरकवलं.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "तपासलंय मला."

ती अगदी सहज बोलली, डोळ्यांत पाणीही नव्हतं. ते बाईंना फार लागलं. बाहेर पडल्यावर त्यांनी आजीला गाठलं आणि पोरीला वाचता येतं, घरी तिच्याकडून रोज वाचून घ्या, असं परोपरीनं सांगितलं.

आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. "असेल, मिस आयोनी. पण एवढे शिकलेले साहेब, त्यांना का कळत नसेल?" मग तिनं पिशवीतून एक नीरफणस काढून बाईंच्या हातात ठेवला. "तुम्ही तुमच्याकडून खूप केलंत. पोरच मठ्ठ, त्याला तुम्ही काय करणार."

शेव्हेल शेजारीच उभी होती. तिनं मान डोलावली.