दोन खोपटांमधलं इंग्रजी

मी इंग्रजी बाकावर बसून शिकले नाही. गडमुडशिंगीच्या रानात दोन खोपटं होती, त्यांच्यामधल्या वावरावरून ओरडून ओरडून शिकले. पुढं कोल्हापुरात मुलींना शिकवायला लागले, त्यात केस पांढरे झाले. शिकवताना माझी एक खोड होती. एखादी पोर उभी राहून “वन चाइल्ड” म्हणायची आणि पुढचं तिला आठवायचं नाही. वर्ग गप्प. “अगं, कुणीतरी बोला की पुढचं! तोंडं शिवल्यात का?” असं मी खेकसायचे. पोरी म्हणायच्या, बाई लई रागीट. रागीट आहेच मी, नाही म्हणत नाही. पण तो राग नव्हता, भीती होती. ती कशाची, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

महाराजांच्या राज्यात खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून बोर्डिंगं निघाली होती. माझे मालक तसल्याच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिकचा अभ्यास करायचे. शनिवारी चालत घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. पाठ केलेलं ऐकून घ्यायला समोर माणूस लागायचं. घरात मोकळी कोण? मोकळी कुणीच नव्हती, पण जात्यावर बसलेली बायको उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनी मला धरलं.

ते एक म्हणायचे, मी अनेक करायचं. मॅन म्हटलं की मेन. फूट म्हटलं की फीट. अक्षर कळत नव्हतं मला, पण कान तिखट होते. महिन्याभरात पटापट उत्तरं द्यायला लागले, आणि भांडायलाही.

“बॉक्सचं बॉक्सेस, मग ऑक्सचं ऑक्सन कशापायी?”

“साहेबाला इचार.”

“आन शीपचं?”

“शीपच.”

“म्हंजे एक मेंढरू आन सगळा कळप सारखाच? धनगर मारंल की तुमच्या साहेबाला!”

ते पोट धरून हसायचे. मग समजावून सांगायचे. इंग्रजीत नामाला ‘नं’ लागत नाही, ‘ला’ लागत नाही. जागा बदलली की काम बदललं. वाघ आधी बसवला तर तो माणूस खातो, माणूस आधी बसवला तर तो वाघ खातो, शब्द तेच. वॉटर म्हणजे पाणी, पण झाडाला वॉटर कर म्हटलं की तेच नाम उठून कामाला लागलं. “बसलं तर नाव, उठलं तर काम,” असं ते म्हणायचे. हे वाक्य मी पुढं माझ्या पोरींना तसंच्या तसं शिकवलं.

एका शनिवारी हाक मारण्याचा धडा निघाला. मराठीत हाक मारताना नाम वाकतं, पोर असलं तर ‘पोरा’ होतं. इंग्रजीत नाव होतं तसंच राहतं. बोलता बोलता ते म्हणाले, “साहेब बायकुला नाव घिऊन हाक मारतोय, चारचौघांत.”

“आन ती ओ देती?”

“देती की.”

“लाज न्हाय व्हय!”

आमच्यात तसलं नव्हतंच. माझं सासरचं नाव त्यांनीच ठेवलेलं, लग्नात ताटातल्या तांदळावर बोटानं लिहिलेलं. पण तोंडानं कधी घेतलं नाही. “अगं ए” आणि “ऐकलं का”, एवढ्यावर आमचा संसार. त्या दिवशी मात्र त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “मॅट्रिक झालो की मी बी मारीन हाक. नाव घिऊन, ह्याच सोप्यात उभा राहून. तू ओ दे म्हंजे झालं.” मी पदराआड तोंड लपवून म्हणाले, “मारून तरी बघा.” लाजले होते, पण आतून मला ती हाक हवी होती. देवाशपथ हवी होती.

पुढच्या साली प्लेग आला. कोल्हापुरातली शाळा बंद झाली, ते घरी आले. एक दिवस आमच्या माजघरात उंदीर मरून पडला. माऊस. त्याचं माइस व्हायची वाट कुणी बघत नसायचं. एक पडला की घर सोडायचं, हा तेव्हाचा शिरस्ताच होता. दोन गाड्यांत संसार भरून आम्ही आमच्या रानात गेलो. सासऱ्यांनी पाचटाचं खोपट घातलं. मला सातवा महिना होता.

आठ दिवसांत त्यांना ताप भरला. काखेत गाठ आली.

वावराच्या त्या टोकाला, बांधावरच्या बाभळीखाली दुसरं खोपट घातलं आणि त्यांना तिकडं नेलं. सासू आणि सासरे आळीपाळीनं आत जायचे. मला सक्त बंदी. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंनी मला दोनच गोष्टी बजावल्या. एक, बांध ओलांडायचा नाही. दुसरी, “हाक आली तर लगीच ओ देऊ नगंस. माणूस तीनदा हाक मारतंय. एकदाच मारती ती निराळी असती. ओ दिली की झालं, पोटातल्यासकट न्हेती.” तेव्हा सगळं गावच हे मानत होतं. भर दुपारी रानात एकदाच हाक येते आणि ओ देणारा तिसऱ्या दिवशी जातो, असं जो तो सांगायचा. प्लेगच्या दिवसांत तर तीनदा हाक आल्याशिवाय माणसं वळूनही बघत नव्हती.

पण धड्याला काही बंदी नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाभळीखालून आवाज आला, “ऑक्स!” मी खोपटाच्या दारात उभी राहून ओरडले, “ऑक्सन!” मग “टूथ!” मग “टीथ!” सासरे गाडीच्या जुवावर बसून डोळे पुसत होते. त्या ओरडण्यानं सगळ्यांना कळायचं, की पोरगं अजून हाय. मीही पोटावर हात ठेवून वाट बघत बसायचे. चौथ्या दिवशी आवाज बारीक झाला. “चाइल्ड,” एवढंच आलं. मी छाती फुटेस्तोवर ओरडले, “चिल्ड्रन!” आणि मग कितीतरी वेळ मलाच रडू आवरेना.

पाचव्या दिवशी सासरे औषध आणायला शहरात गेले. आत्याबाई दोन रात्री जागलेल्या, तरी बाभळीखालची धुणी घेऊन विहिरीवर गेल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. मी एकटी होते. सकाळपासून बाभळीखालून एक शब्द आला नव्हता.

आणि माझं नाव ऐकू आलं.

ऑक्स नाही, चाइल्ड नाही. माझं नाव. लांबून, बारीक, पण अगदी स्पष्ट. तो आवाज त्यांचाच होता. पण माझं नाव ते कधी घेत नव्हते. मनात आलं, हीच ती. एकदाच मारणारी. त्यांचा आवाज घेऊन आलीय. मी दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं आणि दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आता येईल, आता येईल. दुसरी आली की तिसरी येईल, मग ओ देईन, बांधबिंध काही बघणार नाही, पळत जाईन.

दुसरी आली नाही.

आत्याबाई विहिरीवरून ओल्या धुण्यासकट तिकडं गेल्या आणि त्यांचा हंबरडा ऐकू आला. पाण्याचा तांब्या कलंडला होता म्हणे, आणि ते दाराच्या तोंडाशी आले होते, सरपटत. आत्याबाईंनी मला विचारलं, “हाक मारली व्हय गं त्यानं?”

मी म्हणाले, “न्हाय.”

का म्हणाले? भ्याले म्हणून. आणि एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला तोंड लागतं, ते मला नव्हतं.

मुलगी झाली. घर भरून तिचं रडणं, म्हणून आम्ही जगलो. शाळा उघडल्यावर बोर्डिंगातून त्यांची पेटी आली. तिच्यातल्या पुस्तकावर मी अक्षर गिरवायला बसले. सासऱ्यांनी कोल्हापुरात शाळेत घातलं, मी मास्तरीण झाले. लोकांनी सासऱ्यांना नावं ठेवली, त्यांनी ऐकली नाहीत. आत्याबाई माझ्याजवळच राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायच्या, “माझं लेकरू कुणाला हाक बी न मारता ग्येलं. गुमान ग्येलं.” मी चुलीपुढं बसून ऐकायचे. एका शब्दानं त्या म्हातारीच्या जीवाला थंडावा मिळाला असता. “मारली होती, आत्याबाई.” एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचं त्यांनी विचारलंच असतं, की तू ओ दिलीस का. त्या जाईस्तोवर मी हे बोलले नाही. माझ्यासारखी पापीण मीच.

आता मला सगळे बाई म्हणतात, आजी म्हणतात. ते नाव माहीत असलेलं माणूस उरलेलं नाही. ते मी इथंही लिहिणार नाही. ते त्यांचं आहे, त्यांनी ठेवलेलं आणि एकदाच घेतलेलं.

पण अजून भर दुपारी, घर निवांत झालं की, मला हाक ऐकू येते. एकदाच येते. दुसरीची वाट मी बघत नाही आता. हातातलं काम टाकून उठते आणि मोठ्यानं ओ देते. नात धावत येते, म्हणते, “आजी, कुणी हाक मारली न्हाय की गं.”

मी तिला गप्प बसवते. पाण्याचा तांब्या भरते आणि दारात जाऊन उभी राहते.